घरची विहीर आणि नळाचे पाणी

पालघर जिल्ह्यातील केळवे हे समुद्रकाठचे गाव. किनाऱ्यावर सुरूचे बन आणि आत वाड्या, असा हा रम्य परिसर आहे. अशा गावी ज्याच्या वाडीत विहीर असते, तो दारी नळ आला म्हणून ती बुजवीत नाही. नळ बंद पडला, तर विहीर तारते. विहीर आटली, तर नळ उपयोगी पडतो. संगणकालाही हाच न्याय लागू पडतो.

समजा, तेथील एखाद्या शाळेत एक जुना लॅपटॉप अडगळीत पडला आहे. त्याची गती मंद, स्मृती तोकडी; नवी अवजड प्रणाली त्याला पेलवत नाही. मग तो भंगारात घालावा काय? मुळीच नाही. त्यावर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती घालून पाहावी. फिनलंडमधील लिनस टॉरवॉल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा रचून जगापुढे ठेवला. तो कोणालाही वापरता, अभ्यासता आणि सुधारता येतो.

रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट येथील शाळेत २००७ साली मुलांच्या हाती जे छोटे लॅपटॉप आले, तेही लिनक्सवरच चालत. त्यांची स्मृती अवघी २५६ मेगाबाइट. तरीही त्यांवर लेखन करता येई, चित्रे काढता येत. ही झाली घरची विहीर.

परंतु लॅपटॉपला न झेपणारे काम आले, तर? तेव्हा तो शाळेतील शक्तिमान संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, जोडावा. आता सारे काम सर्व्हर करतो. लॅपटॉप केवळ दाबलेल्या कळांची वार्ता तिकडे पोचवितो आणि तिकडून आलेले चित्र पडद्यावर दाखवितो. या रूपात त्याला 'थिन क्लायंट' म्हणतात. हे झाले नळाचे पाणी.

मात्र सर्व्हर बंद पडला, की केवळ त्यावरच विसंबलेले सर्व पडदे एकदम थांबतात. ज्या लॅपटॉपवर स्वतःची प्रणाली आहे आणि ज्याच्या धन्याने आपल्या लेखनाची एक प्रत त्यातच ठेवली आहे, त्याचे काम मात्र अडत नाही.

मुलांनो, दुबळा म्हणून कोणास टाकून देऊ नये. जे आपल्या बळावर साधते, ते आपण करावे; जे साधत नाही, त्यासाठी समर्थांचे साहाय्य अवश्य घ्यावे. परंतु घरची विहीर कधीही बुजवू नये.