रत्नागिरीहून एडमंटनला: पहिल्या हिवाळ्याचा खर्च किती?

रत्नागिरीच्या फिनोलेक्स अकॅडमीतून किंवा गोगटे-जोगळेकर महाविद्यालयातून पदवी घेऊन मुलगा किंवा मुलगी कॅनडाला निघाली की घरात पहिली चर्चा जॅकेटची होते. मामा मनालीचा अनुभव सांगतो, शेजारचे काका पंचवीस हजारांचं जॅकेट सुचवतात आणि निम्मी बॅग गरम कपड्यांनीच भरते. पहिल्या हिवाळ्याचा मोठा खर्च मात्र अंगावरच्या कपड्यांचा नसतो. घर कुठे घेतलं आणि गाडी घेतली का, यावर तो ठरतो. पावसाळ्याआधी आगोट भरतानाही आपण आधी घर शाकारून घेतो आणि मग सुक्या मासळीचं बघतो. इथेही तोच क्रम ठेवा.

खालच्या किमती साधारण आहेत. शहर, दुकान आणि हंगाम बदलला की त्या बदलतात. एक कॅनडियन डॉलर ६५ रुपये धरला आहे. पैसे पाठवायच्या दिवशीचा दर पाहून हिशेब दुरुस्त करून घ्या.

थंडी नेमकी किती?

रत्नागिरीत जानेवारीच्या पहाटे पारा अठरा-एकोणीसवर आला तरी आपण गोधडी काढतो. अल्बर्टा प्रांताची राजधानी एडमंटन इथे जानेवारीतली सर्वसाधारण रात्र उणे १५ च्या आसपास असते आणि थंडीची लाट आली की पारा उणे ३० च्याही खाली उतरतो. विनिपेग आणि सॅस्काटूनही त्याच पंक्तीतले. टोरांटो त्या मानाने सौम्य. व्हँकुव्हरला हिवाळा म्हणजे मुख्यतः पाऊस, त्यामुळे तिकडे जाणाऱ्याने जाड पार्का जॅकेट नव्हे, चांगला रेनकोट घ्यावा.

तापमानाइतकाच वारा महत्त्वाचा. वाऱ्यासकट जाणवणारी थंडी उणे २८ च्या खाली गेली की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते आणि उणे ४० च्या खाली ५ ते १० मिनिटांत. घर शोधताना याच मिनिटांचा हिशेब करायचा असतो.

घर: चार प्रश्न आधी विचारा

पहिला प्रश्न: भाड्यात हीटिंग धरलं आहे का? अल्बर्टात बहुतेक घरं नैसर्गिक वायूच्या भट्टीवर तापतात. गॅस आणि विजेचं बिल वेगळं असेल, तर भागीदारीच्या घरात हिवाळ्यात माणशी महिना ७५ ते १५० डॉलर धरून चाला. महिना शंभर धरले तरी नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांचे ५०० डॉलर, म्हणजे ३२,५०० रुपये होतात. जाहिरातीत ५० डॉलरनी स्वस्त दिसणारी खोली अशी महाग पडते.

दुसरा: थर्मोस्टॅट कोणाच्या ताब्यात आहे? नवीन विद्यार्थ्यांना बहुधा बेसमेंटमधली खोली मिळते. वर मालक आणि खाली भाडेकरू, पण भट्टी एकच आणि तिचं बटण वरच्या मजल्यावर, अशी रचना बऱ्याच घरांत असते. वरच्यांना पुरेसं गरम झालं की भट्टी बंद होते आणि खालचे कुडकुडतात. मग १,५०० वॅटचा छोटा हीटर येतो. तो रोज आठ तास चालला तर महिन्याला ३६० युनिट वीज लागते, म्हणजे सुमारे ५५ ते ७० डॉलर. खोली ठरवण्याआधी व्हिडिओ कॉलवर थर्मोस्टॅट दाखवायला सांगा.

तिसरा: बस किंवा रेल्वेचा थांबा किती मिनिटांवर आहे? पाच मिनिटांवर असेल तर चांगल्या बूट-जॅकेटवर हिवाळा निभावतो. वीस मिनिटांवर असेल तर पहिल्याच डिसेंबरात गाडीचा विषय निघतो.

चौथा: दारापुढचा बर्फ कोणी काढायचा? घरापुढचा पदपथ मोकळा ठेवणं हे पालिकेच्या नियमाने त्या घराचं काम असतं. ते भाडेकरूवर टाकलं असेल तर करारात लिहून घ्या. फावडं २५ ते ४० डॉलरला मिळतं.

खिडकीतून गार झोत येत असेल तर काचेवर लावायची प्लास्टिक फिल्म १५ डॉलरच्या आसपास मिळते. केस वाळवायच्या ड्रायरने ती ताणून बसते. घर तापवण्यासाठी गॅसची शेगडी किंवा कोळसा पेटवू नका. बंद घरात कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. त्याचा अलार्म घरात आहे ना, हे पहिल्याच दिवशी बघा. वीज गेली तर टॉर्च, पॉवर बँक आणि एक जादा ब्लँकेटही हाताशी असू द्या. १३ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी, कडाक्याच्या लाटेत अल्बर्टा सरकारला फोनवर तातडीचा इशारा पाठवून लोकांना वीज कमी वापरायला सांगावं लागलं होतं.

कपडे: अंगालगतचे इथून, वरचे तिथून

कोकणातला माणूस सुती कपड्यावर भरवसा ठेवतो. उणे २० मध्ये तो भरवसा महागात पडतो. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि ओला कपडा शरीराची ऊब काढून घेतो. म्हणून आतला थर पॉलिएस्टर थर्मलचा किंवा मेरिनो लोकरीचा, मधला फ्लीस किंवा लोकरीचा आणि सर्वांत वर वारा अडवणारं जॅकेट असे तीन थर घालतात.

इथून, म्हणजे मुंबई-पुण्याच्या क्रीडासाहित्याच्या मोठ्या दुकानांतून किंवा ऑनलाइन घ्यायचं:

- थर्मलचे दोन संच: २,००० ते ४,००० रुपये
- लोकरी मोज्यांचे चार जोड: १,२०० ते २,००० रुपये
- फ्लीस: १,००० ते २,५०० रुपये
- पेट्रोलियम जेली, जाड मॉइश्चरायझर: ५०० रुपये

एकूण साधारण ४,७०० ते ९,००० रुपये.

तिथे पोहोचल्यावर घ्यायचं:

- टोपीवाला पार्का: २०० ते ३५० डॉलर; वापरलेला ४० ते ८०
- बर्फातले बूट: १०० ते १८० डॉलर
- मिटन हातमोजे: ३० ते ६० डॉलर
- कानटोपी आणि गळा-नाक झाकणारी पट्टी: ३० ते ५० डॉलर

नवं जॅकेट धरून ३६० ते ६४० डॉलर, म्हणजे सुमारे २३,४०० ते ४१,६०० रुपये. वापरलेलं जॅकेट घेतलं तर २०० ते ३७० डॉलर, म्हणजे १३,००० ते २४,००० रुपये. हजार डॉलरच्या वरची नामांकित जॅकेटंही आहेत. विद्यार्थ्याला त्यांची गरज नाही.

पैसे कमी असतील तर आधी बूट आणि मिटन घ्या. जॅकेट थोडं हलकं असलं तरी आत एक थर वाढवता येतो. पायाची आणि हाताची बोटं मात्र आधी गोठतात. बूट जाड मोजे घालूनच मापून घ्या. घट्ट बुटात हवा खेळत नाही आणि पाय गार पडतो. बोटं वेगवेगळी ठेवणाऱ्या हातमोज्यांपेक्षा मिटनमध्ये बोटं एकमेकांना ऊब देतात.

छत्री आणि पावसाळी चपला घरीच ठेवा. कडक थंडीतला बर्फ कोरडा असतो, तो झटकला की पडतो. मार्चमध्ये तो वितळू लागला की रस्त्यावर चिखलपाणी होतं आणि रात्री त्याचाच काचेसारखा गुळगुळीत थर बनतो. त्यासाठी बुटाला अडकवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, २५ ते ४० डॉलरला. घसरून मनगट मोडण्यापेक्षा हा खर्च बरा.

गाडी: इथे आकडा फुगतो

जुनी गाडी स्वस्तात मिळते, पण तिचा हिवाळा वेगळा विकत घ्यावा लागतो. हिवाळी टायरचा संच ७०० ते १,२०० डॉलर. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हे टायर कायद्याने सक्तीचे आहेत. अल्बर्टात सक्ती नाही, पण शहाणा माणूस लावतोच. नवी बॅटरी १८० ते ३०० डॉलर. इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर अल्बर्टासारख्या प्रेअरी प्रांतांतल्या गाड्यांना बहुधा असतो. नसेल तर बसवायला २०० ते ४०० डॉलर. बाहेर वापरायची वायर आणि टायमर ४० ते ६० डॉलर. हीटर रात्रभर चालवायची गरज नसते. निघण्याआधी तीन-चार तास पुरतात, म्हणून टायमर.

यांची बेरीज ९२० (ब्लॉक हीटर आधीच असला तर) ते १,९६० डॉलर, म्हणजे सुमारे ६०,००० ते १,२७,००० रुपये. त्यात गाडीची किंमत, विमा आणि पेट्रोल धरलेलं नाही. याउलट एडमंटनमध्ये महिन्याचा बसपास शंभर डॉलरच्या आसपास आहे आणि अनेक विद्यापीठांच्या शुल्कात यू-पास, म्हणजे विद्यार्थ्यांचा बसपास, आधीच धरलेला असतो. थांब्याजवळच्या खोलीला महिना शंभर डॉलर जास्त मोजले तरी पहिल्या वर्षी ती गाडीपेक्षा स्वस्तच पडते.

कोरडी हवा आणि लवकर पडणारा अंधार

आपल्याला दमट हवेची सवय. तिथे तापवलेल्या घरात हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, हात भेगाळतात, कधी नाकातून रक्तही येतं. ह्युमिडिफायर ४० ते ७० डॉलरला मिळतो. खोबरेल तेल न्या, पण घर एकवीस अंशांवर ठेवलं तर ते बाटलीत कायम गोठलेलंच राहील. रुंद तोंडाची बरणी घ्या.

डिसेंबरात एडमंटनला दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो. रत्नागिरीत तेव्हाही अकरा तास उजेड असतो. या लांबलेल्या अंधाराचा मनावर परिणाम होतो. सकाळी वापरायचा दहा हजार लक्सचा दिवा ५० ते १०० डॉलरला मिळतो. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या १० ते १५ डॉलर. मात्रा डॉक्टरला विचारून ठरवा. उदासी आठवडे टिकली तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जायला संकोच नको.

कधी घ्यायचं, कुठे वाचवायचं

सप्टेंबरात जाणाऱ्याला दोन महिने हाताशी असतात. जुन्या कपड्यांची दुकानं आणि मायदेशी परतणारे सीनियर विद्यार्थी यांच्याकडे आधी चौकशी करा. शहरात मराठी मंडळ असेल तर तिथेही विचारा. नोव्हेंबरअखेर ब्लॅक फ्रायडे आणि २६ डिसेंबरचा बॉक्सिंग डे यांना सवलती असतात, पण बुटांसाठी तोवर थांबू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये हंगाम संपताना पुढच्या वर्षीचं घेऊन ठेवलेलं बरं.

जानेवारीत जाणाऱ्याचं गणित वेगळं. विमानतळाबाहेर पडताच थंडी गाठते, म्हणून त्याने जॅकेट, कानटोपी आणि हातमोजे इथूनच घ्यावेत आणि हाताच्या सामानात ठेवावेत. चेक-इन बॅग हरवली तरी अंगावर घालायला काही हवं.

एकूण बेरीज

फिल्म, ह्युमिडिफायर, दिवा, खिळ्यांचे पट्टे आणि गोळ्या मिळून १४० ते २४० डॉलर होतात. इथली आणि तिथली खरेदी त्यात मिळवली तर गाडीविना पहिला हिवाळा साधारण २७,००० ते ६६,००० रुपयांत भागतो. हीटिंग भाड्यात नसेल तर सुमारे ३२,५०० वाढवा. गाडी घेतलीत तर तिच्या हिवाळ्याचे आणखी ६०,००० ते १,२७,०००.

क्वेबेकबाहेरच्या अभ्यास परवान्यासाठी १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्याला शिक्षणशुल्क आणि प्रवास सोडून २२,८९५ डॉलर, म्हणजे सुमारे १४ लाख ८८ हजार रुपये दाखवावे लागतात. ते जीआयसी, म्हणजे कॅनडातल्या बँकेतल्या ठेवीतून दाखवले असतील, तर पोहोचल्यावर काही रक्कम एकदम मिळते आणि उरलेली महिन्याच्या हप्त्यांनी. हिवाळ्याची खरेदी त्या पहिल्या रकमेतच बसवा, कारण पुढचे हप्ते भाडं आणि किराणा यांतच संपतात. आणि भाडेकरारावर सही करण्याआधी वरचे चार प्रश्न मालकाला लेखी विचारून उत्तरं जपून ठेवा. थंडीचा खर्च कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय तोच आहे.