मूत्रपिंडांचे कार्य व लघवीची मोजणी

भालकी, औराद, बसवकल्याण वा आळंद या तालुक्यांत उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर चढतो. शहाबादच्या फरशीच्या खाणींत तर तापलेल्या दगडाची धग निराळीच. सकाळपासून राबणाऱ्या मजुरास अशा दिवशी दुपारपर्यंत लघवी होत नाही. झालीच तर थोडी व गडद पिवळी. पाणी राखण्यासाठी मूत्रपिंडांची चाललेली ही धडपड होय.

कंबरेच्या वर, पाठीच्या कण्याच्या दोहो बाजूंस ही दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या आहेत. चोवीस तासांत त्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. पैकी ९९ टक्के पाणी, तसेच साखर व आवश्यक क्षार रक्तात परत घेतले जातात आणि दीड लिटरच्या आसपास लघवी उरते. गाळण्यापेक्षा हे परत घेणेच अधिक कौशल्याचे म्हणावे लागेल. रक्तदाब सांभाळणे व तांबड्या पेशींच्या निर्मितीस चालना देणे हीही त्यांचीच कामे.

मूत्राशयात ३०० ते ४०० मिलिलिटर लघवी साठली की वेग जाणवतो. शेतात आडोसा नसल्याने अनेक स्त्रिया पाणीच कमी पितात आणि वेग दाबून धरतात. जंतुसंसर्ग व मुतखडा यांना ही सवय आमंत्रण देते. हा दोष त्या स्त्रियांचा नव्हे.

परिचारिका विद्यार्थिनींनी एक आकडा ध्यानी ठेवावा: प्रौढ रुग्णास दर किलो वजनामागे तासाला किमान अर्धा मिलिलिटर लघवी व्हावयास हवी. पन्नास किलोच्या रुग्णास म्हणजे तासाला २५ मिलिलिटर. दिवसभरात ४०० मिलिलिटरहून कमी झाल्यास डॉक्टरांस तात्काळ कळवावे. लघवी खुणांच्या भांड्यातच मोजावी. तक्त्यावर ‘ठीक’ असे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. लघवी होत नसेल तर प्रथम ओटीपोट चाचपावे. ते फुगून घट्ट लागल्यास लघवी तयार होऊन अडली आहे. तसे नसल्यास ती तयारच होत नसावी. दोहोंचे उपचार सर्वस्वी भिन्न आहेत.

रुग्ण मराठी, कन्नड वा दखनी बोलणारा असो, या विषयी तो लाजतो. त्याच्याच भाषेत, हळू आवाजात विचारावे. जुलाब होत असता वा ऊन लागले असता त्याने अंगदुखीवर दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेतल्या काय, हेही विचारावे. पाणी कमी झालेल्या शरीरात अशा गोळ्यांनी मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणखी घटतो; म्हणून गोळीचे नाव लघवीच्या आकड्याशेजारीच नोंदवावे.