कार्ड रीडरची निवड : अंतर्गत की बाह्य?

बेंगळूर येथील चामराजपेट ही वस्ती १८९२ साली आखणी करून वसविण्यात आली व मैसूरचे महाराज चामराजेंद्र वडेयर यांचे नाव तिला देण्यात आले. १९१५ साली स्थापन झालेली कन्नड साहित्य परिषद याच वस्तीत आहे आणि कर्नाटक संस्कृत विश्वविद्यालयही येथेच आहे. ग्रंथांचा असा शेजार लाभलेल्या एखाद्या वाचनालयात एका जीर्ण पोथीची पाने कॅमेऱ्याने टिपली जात आहेत, अशी कल्पना करावी. कागद इतका ठिसूळ झाला आहे की, पोथी पुन्हा उलगडणे इष्ट नाही. चारशे छायाचित्रे टपालाच्या तिकिटाएवढ्या एका मेमरी कार्डात साठलेली आहेत, आणि तूर्त ती अन्यत्र कोठेही नाहीत. ती संगणकात उतरवून घेणारे साधन म्हणजे कार्ड रीडर होय. तो संगणकातच बसविलेला असावा, की बाहेरून जोडण्याचा असावा?

अंतर्गत रीडर संगणकाचाच अवयव असल्यामुळे तो अधिक वेगवान असणार, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. मेजावरील संगणकाच्या दर्शनी भागात बसविलेला रीडर बहुधा आतल्या आत एका तारेने मदरबोर्डवरील यूएसबीच्या जोडणीलाच लावलेला असतो. म्हणजे बाह्य रीडरचा मार्ग तोच त्याचाही मार्ग. फरक इतकाच की, एकाची तार दिसते व दुसऱ्याची दिसत नाही. काही लॅपटॉपमध्ये रीडर याहून वेगवान मार्गाने जोडलेला असतो, परंतु ते त्या त्या यंत्राच्या माहितीपत्रकात पाहूनच ठरवावे.

वेग ठरतो तो कार्ड, रीडर आणि जोडणी या तिघांपैकी जो सर्वांत मंद असेल त्यावरून. एका छायाचित्रास २५ मेगाबाइट धरल्यास चारशे छायाचित्रांचे १०,००० मेगाबाइट होतात. २००० साली आलेल्या यूएसबी २.० या जोडणीतून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ३५ मेगाबाइट जातात. या हिशेबाने पाच मिनिटांस थोडा कमी वेळ लागेल. २००८ सालच्या यूएसबी ३.० जोडणीत सेकंदाला ९० मेगाबाइट देणारे कार्ड वापरले, तर दोन मिनिटांच्या आत काम उरकते. उलट, कार्डच सेकंदाला २० मेगाबाइटच देणारे असेल, तर दोन्ही जोडण्यांत आठ मिनिटांहून अधिक वेळ जाईल व उत्तम रीडरवर केलेला खर्च वाया जाईल. अतिवेगवान कार्डांच्या पाठीवर संपर्कपट्ट्यांची दुसरी रांग असते. रीडरमध्ये तिला जुळणारी रांग नसल्यास ते कार्ड चालते खरे, पण पूर्वीच्या पिढीच्या गतीने.

तथापि वाचनालयाच्या दृष्टीने वेगापेक्षा झिजेचा प्रश्न मोठा आहे. कार्ड आत-बाहेर करताना धातूच्या पट्ट्या दर वेळी घासल्या जातात. खाचेत धूळ साठते, आणि घाईत एखादा विद्यार्थी कार्ड तिरपे घुसवितो. कॉम्पॅक्टफ्लॅश या जुन्या प्रकारच्या कार्डासाठी रीडरमध्ये पन्नास बारीक टाचण्या असतात. त्यांतील एक वाकली तरी ती खाच निकामी होऊ शकते. हा अपघात बाह्य रीडरमध्ये झाला, तर दुसरा रीडर आणून काम चालू ठेवता येते. तोच लॅपटॉपमध्ये झाला, तर खाच पुष्कळदा मदरबोर्डवरच डाख देऊन बसविलेली असल्यामुळे सारे यंत्र उघडावे लागते. मेजावरील संगणकातील रीडर बदलता येतो, हे मात्र त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. शिवाय तो हरवत नाही, व तारेला धक्का लागून मध्येच सुटतही नाही. बाह्य रीडरचे हे दोन्ही दोष खरे आहेत. म्हणून त्याची तार आखूड असावी आणि काम चालू असता तो लोंबकळत ठेवू नये.

यापेक्षाही गंभीर धोका जुन्या रीडरमध्ये संभवतो. एसडी कार्ड १९९९ साली पुढे आले. त्याच्या ३२ गिगाबाइटपर्यंतच्या एसडीएचसी प्रकाराची घोषणा २००६ साली आणि त्याहून मोठ्या एसडीएक्ससी प्रकाराची २००९ साली झाली. पहिल्या पिढीच्या रीडरला एसडीएचसी कार्ड वाचता येत नाही. जुन्या संगणकाला मोठ्या कार्डाची मांडणी समजली नाही, तर तो “कार्ड फॉरमॅट करावे काय?” असे विचारतो. कार्ड बिघडले असावे अशा समजुतीने होकार दिला, की पोथीच्या एकमेव प्रतिमांवर संकट ओढवते. अशा वेळी नकार देऊन कार्ड दुसऱ्या रीडरमध्ये घालून पाहावे. कार्डाच्या कडेची कुलपाची लहान पट्टीही पूर्ण संरक्षण देत नाही. पट्टी कोठे आहे हे कार्डाला स्वतःला कळत नाही. ते रीडर पाहतो, आणि त्याने दुर्लक्ष केले तर कुलूप नावापुरतेच उरते.

एकाच व्यक्तीने एकाच प्रकारचे कार्ड अधूनमधून वापरावयाचे असेल, तर अंतर्गत रीडर पुरेसा आहे. त्यासाठी वेगळी खरेदी अनाठायी ठरेल. अनेकांची, अनेक प्रकारची कार्डे रोज हाताळणाऱ्या वाचनालयाने बाह्य रीडरच घ्यावा, आणि शक्य तर दोन घ्यावेत. चामराजपेटेपासून जवळच असलेला सदर पत्रप्पा रस्ता संगणकाच्या सुट्या भागांच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध आहे. अशा बाजारात जाताना आपले कार्ड बरोबर न्यावे, परंतु त्यात मूळ छायाचित्रे ठेवू नयेत. चाचणीपुरत्या मोठ्या फाइली भरून न्याव्यात. दुकानातच त्या उतरवून वेळ मोजावा. उतरविलेल्या फाइलींची संख्या जुळते का ते पाहावे, आणि पहिली, मधली व शेवटची फाइल उघडून तपासावी. हीच तपासणी पोथीच्या वेळीही करावी, व दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत उतरेपर्यंत कार्ड पुसू नये.