जुन्या घराची डागडुजी

पुणे जिल्ह्याच्या दक्षिण भागात, सह्याद्रीच्या कुशीत, नीरा नदीच्या काठी भोर हे गाव वसले आहे. एके काळी ते पंत सचिवांच्या संस्थानाची राजधानी होते. १९४८ साली हे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १८६९ साली बांधलेला राजवाडा मात्र आजही गावात उभा आहे, आणि तेथील रामनवमीचा उत्सव आजूबाजूच्या गावांतील लोकांना परिचित आहे. राजवाड्याच्या परिसरातील गल्ल्यांतून फिरले, म्हणजे जुन्या धर्तीची काही घरेही दृष्टीस पडतात. अशाच एका घराची ही हकीकत आहे.

ते घर दुमजली होते. घडीव दगडांचे जोते, त्यावर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, मध्ये चौक आणि चौकाभोवती ओटी, माजघर, देवघर व स्वयंपाकघर अशी त्याची रचना होती. लाकडी खांबांच्या तळाशी दगडी तळखडे होते, त्यामुळे जमिनीतील ओल खांबांपर्यंत पोहोचत नसे. वर मंगलोरी कौलांचे छप्पर होते. घरात आजी, शाळेत गुरुजी असलेले वडील, आई आणि दोन मुले राहत. थोरला मुलगा तेरा वर्षांचा आणि धाकटी मुलगी अकरा वर्षांची. काका नोकरीनिमित्त पुण्यास राहत व सणावारी घरी येत.

एका आषाढात पावसाने चार दिवस उसंत दिली नाही. चौथ्या रात्री माजघरात मोठा आवाज झाला. सगळे दचकून उठले. दिवा लावून पाहतात, तो आजी जेथे नेहमी निजत असे, त्या कोपऱ्यात गिलाव्याचा हातभर लांबीचा पोपडा पडला होता. त्या रात्री खोकला असल्यामुळे आजी चुलीच्या उबेला स्वयंपाकघरात निजली होती, म्हणूनच ती वाचली. वर पाहिले तर छताची एक तुळई भिंतीजवळ चार बोटे खाली आली होती.

बातमी कळताच काका दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी घर पाहिले आणि ते गंभीर झाले.

“दादा,” ते म्हणाले, “तू आता हट्ट सोड. दर वर्षी काही ना काही पडते. आज आई वाचली, उद्याचे कोणी सांगावे? हे पाडून आपण पक्के घर बांधू.”

वडील काही बोलले नाहीत. काकांचे म्हणणे खोटे नव्हते. आजी मात्र चौकाकडे पाहत शांतपणे म्हणाली, “पाडायचे असेल तर पाडा. पण आधी जाणत्या माणसाला एकदा दाखवा. दुखणे न ओळखताच रोग्याला टाकून देऊ नये.”

वेल्ह्याकडचा एक वृद्ध मिस्त्री गवंडीकामात आणि सुतारकामात जाणता म्हणून प्रसिद्ध होता. वडिलांनी त्याला बोलावून घेतले. त्याने प्रथम त्या तुळईखाली दोन भक्कम लाकडी टेकू दिले आणि माजघरात कोणी निजू नये, अशी ताकीद दिली. नंतर दोन दिवस त्याने कोणत्याही हत्याराला हात लावला नाही. तो घरभर हिंडत राहिला. भिंतींवर बोटांनी टकटक करून तो आवाज ऐके. गिलावा सुटलेला असे, तेथे आवाज पोकळ येई. पाऊस थांबताच तो शिडी लावून छपरावर गेला. धाकटी मुलगी त्याच्या मागे मागे फिरत होती. तिला मोठे नवल वाटले.

“मिस्त्रीकाका, पडली भिंत, आणि तुम्ही छप्पर का पाहता?”

“बाळ, भिंत पडली खरी, पण तिला पाडले कोणी, ते आधी शोधले पाहिजे.”

अपराधी सापडले, ते दोन निघाले. पन्हळीत पालापाचोळा साचून पिंपळाचे एक रोप उगवले होते. त्याच्या मुळांनी कौले उचलली होती, आणि पावसाचे पाणी भिंतीच्या माथ्यावरून आत उतरत होते. दुसरा अपराधी भिंतीच्या बाहेरच्या अंगास होता. भिंत मजबूत व्हावी, या सद्हेतूने काही वर्षांपूर्वी घरच्याच माणसांनी तिला सिमेंटचा गिलावा करवून घेतला होता.

“सिमेंट तर चुन्याहून कठीण असते,” मुलगा म्हणाला. “मग ते वाईट कसे?”

मिस्त्रीने त्याला समजावून दिले. मातीच्या भिंतीत थोडी ओल शिरतेच. वरून चुन्याचा गिलावा असला, तर त्यातील बारीक छिद्रांतून ती ओल वाफ होऊन बाहेर पडते व भिंत पुन्हा कोरडी होते. सिमेंटचा थर त्या ओलीची वाट अडवतो. तडा गेला की त्यातून पाणी आत शिरते. परंतु त्याला बाहेर पडता येत नाही. भिंत आतून भिजत राहते, आणि भिंतीत रोवलेली तुळईची टोके कुजू लागतात. वरून भिंत गुळगुळीत दिसते, आत मात्र लाकडाचा भुगा होतो.

काकांनी शेवटी स्पष्टच विचारले, “मिस्त्री, खरे सांगा. हे घर राहील की पडेल?”

मिस्त्री म्हणाला, “पडायला आलेल्या घराचे कौतुक करत बसू नये. मागचा गोठा गेला आहे, तो उतरवून घ्या. पण हे घर पडायला आलेले नाही. याच्याकडे बरीच वर्षे कोणी पाहिलेले नाही, एवढेच. मात्र सारे काम एकदम होणार नाही. पैशाचे असो वा नसो, ऋतूंचे ऐकावे लागेल. पहिल्या वर्षी छप्पर, दुसऱ्या वर्षी भिंती, आणि रंग शेवटी.”

काका क्षणभर थांबले. “एक वर्ष पाहू,” ते म्हणाले. आजीचे अंथरूण तात्पुरते ओटीवर हलवण्यात आले.

पावसाळा सरेपर्यंत छपरावर ताडपत्री बांधण्यात आली. पुढच्या वैशाखात, वळवाच्या सरी येण्यापूर्वी, छपराचे काम सुरू झाले. कौले उतरवून त्यांचे ढीग लावले. मुलांनी एकेक कौल बोटाने वाजवून पाहिले. खणखणीत वाजेल ते चांगले, बद्द वाजेल ते फुटके. कुजलेले वासे व रिपा बदलल्या, पन्हळ स्वच्छ केली आणि मग कौले पुन्हा चढवली. माजघरातील तुळई सगळीच बदलावी लागेल, असे सर्वांना वाटत होते; परंतु कुजले होते ते केवळ हातभर टोक. उतरवलेल्या गोठ्याचे जुने सागवान हाताशी होते. मिस्त्रीने कुजका भाग कापून काढला, दोन्ही लाकडांना खाचा पाडल्या आणि नवा तुकडा असा घट्ट बसवला की सांधा शोधावा लागे. टेकू काढण्याच्या वेळी सर्वजण श्वास रोखून उभे होते. पहिला टेकू निघाला, दुसरा निघाला. तुळई जागची हलली नाही. त्या आषाढात पाऊस तितकाच पडला, पण माजघरात थेंब आला नाही. आजीने आपले अंथरूण पुन्हा जुन्या कोपऱ्यात घातले. काकांनी पुण्याहून पत्र पाठवले. त्यात घर पाडण्याचा विषय नव्हता. पुढच्या कामासाठी काही रक्कम मात्र होती.

दुसऱ्या वर्षी भिंतींचे काम निघाले, तेही दिवाळीनंतर. चुन्याला फार ऊन मानवत नाही आणि पाऊसही मानवत नाही. भट्टीत भाजलेल्या चुनखडीचा कळीचा चुना आणला. पाणी पडताच तो खदखदू लागला व त्यातून वाफा निघाल्या. त्यामुळे मुलांना दूर उभे करण्यात आले. विरलेला चुना कित्येक दिवस पाण्याखाली मुरत ठेवला. मग त्यात वाळू मिसळून तो घोटला. गुळाचे पाणी आणि हिरड्याचा काढाही त्यात घातला. पूर्वी हेच काम बैल जुंपलेल्या दगडी घाणीत चाले. सिमेंटचा गिलावा सावकाश खरवडून काढला आणि भिंत पूर्ण वाळल्यावर तिला चुन्याचा हात दिला. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुना हळूहळू पुन्हा दगडासारखा कठीण होतो. म्हणून त्याला घाई चालत नाही. मुलगा रोज सकाळ-संध्याकाळ त्या भिंतीवर पाणी शिंपडत असे.

याच सुमारास मुलांना अभ्यासासाठी माडीवर स्वतंत्र खोली करावी, असे ठरले. माडीचे लांब दालन मध्ये आडवी भिंत घालून दुभागायचे होते. विटांच्या भिंतीचा भार खालच्या तुळयांना झेपला नसता. तेव्हा मिस्त्री म्हणाला, “आमच्याकडे या. हलकी भिंत कशी असते, ते दाखवतो.”

एका रविवारी वडील मुलांना घेऊन नसरापूरमार्गे वेल्ह्यास गेले. समोर प्रचंड तोरणा किल्ला उभा होता. त्याच्या पायथ्याच्या परिसरातील जुनी घरे भोरच्या घरांहून वेगळी होती. त्यांची छपरे अधिक उतरती होती आणि वळचणी इतक्या खाली आलेल्या की मोठ्या माणसाला वाकूनच आत जावे लागे. मुलीला आधी हसू आले. मग तिच्या लक्षात आले की, या मुलुखात पाऊस फार, आणि खाली आलेली वळचण ही भिंतीवर धरलेली छत्रीच होय. मिस्त्रीच्या घरात कारवीचा कूड होता. कारवी हे सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारे झुडूप सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. तिच्या सरळ, हलक्या काठ्या उभ्या-आडव्या बांधून त्यांवर शेणमातीचा लेप दिला, म्हणजे कूड तयार होतो.

परतताना मिस्त्रीने किल्ल्याकडे बोट दाखवले. “शिवाजी महाराजांनी तोरणा घेतला आणि त्याची डागडुजी चालवली, तेव्हा तेथे धन सापडले, असे सांगतात. ते पलीकडच्या राजगडाच्या बांधणीस लागले. जुन्यात जपून हात घातला, म्हणजे काही ना काही हाती लागते.”

“आमच्या घरात धन नाही,” मुलगी म्हणाली.

“पाहू या,” मिस्त्री म्हणाला.

तिसऱ्या वर्षी सजावटीची वेळ आली. मुलीने दोन वर्षे या दिवसाची वाट पाहिली होती. ओटीच्या खांबांना निळा रंग द्यावा, असे तिच्या मनात होते. मात्र आधी जुना तैलरंग उतरवणे आवश्यक होते. हिरव्या रंगाखाली तपकिरी, तपकिरीखाली आणखी हिरवा, असे थरावर थर निघाले. ती हळूहळू खांबाचा माथा खरवडत होती. अकस्मात तिच्या बोटांना लाकडात खोलगट रेषा लागल्या. तिने कापडाने पुसून पाहिले. लाकडात कोरलेले एक केळफूल पाकळी पाकळी उलगडत होते! चारही खांबांवर तशीच केळफुले निघाली. आजीने जवळ येऊन त्यांवरून हात फिरवला. या घरात सून म्हणून आल्यापासून तिने ते खांब रंगवलेलेच पाहिले होते.

निळ्या रंगाची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. खांबांना फक्त जवसाचे तेल लावले. भिंतींना पांढरी सफेदी दिली. माजघरातील कोनाड्यांत पितळी समया ठेवल्या आणि आजीने शिवलेली रंगीत गोधडी झोपाळ्यावर अंथरली. मात्र सगळेच जुने तसेच ठेवले, असेही नाही. स्वयंपाकघरात पूर्वी धूर कोंडून आईचे डोळे चुरचुरत. तेथे मोठी खिडकी पाडली आणि चुलीच्या जागी गॅसची शेगडी आली. विजेच्या जुन्या तारा काढून नव्या बसवल्या. गोठ्याच्या जागेवर न्हाणीघर झाले. त्याच्या जोत्याला गोठ्याचेच दगड लागले. जुने ते सारेच सोने नसते, आणि नवे ते सारेच पितळ नसते. परंतु कोणती गोष्ट कशासाठी होती, हे समजल्यावाचून ती काढून टाकू नये, हे त्या तीन वर्षांत घरातील सर्वांना उमगले.

त्या वर्षीच्या रामनवमीस काका सहकुटुंब आले. ओटीवर बसून ते बराच वेळ केळफुलांकडे पाहत राहिले. मग पुतणीला म्हणाले, “उन्हाळ्यात छपरावर कोण चढणार आहे? यंदा मीही येतो.”

ती म्हणाली, “चढा, काका. पण कौल बोटाने वाजवून पाहायला आधी शिकले पाहिजे!”

अभ्यास

१. मिस्त्रीने पडलेल्या भिंतीऐवजी आधी छप्पर का पाहिले?
२. मातीच्या भिंतीस चुन्याचा गिलावा का मानवतो व सिमेंटचा का मानवत नाही, ते आपल्या शब्दांत सांगा.
३. ‘रंग शेवटी’ या मिस्त्रीच्या शब्दांचा अर्थ स्पष्ट करा. घरबांधणीखेरीज आणखी कोणत्या कामास तो लागू पडेल?
४. घर पाडावे असे काकांना का वाटत होते? तुम्ही त्यांच्या जागी असता, तर काय म्हटले असते?
५. तुमच्या गावातील एखादे जुने घर पाहा. त्याचे जोते, भिंती, खांब व छप्पर कशाचे आहे, याची माहिती घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.