काम बाहेर, जबाबदारी घरात

प्रस्तावना

घर बांधताना घरमालक स्वतः विटा रचत नाही. तो गवंड्याला भिंतींचे काम देतो, सुताराकडून दारे-खिडक्या करून घेतो. मात्र पावसाळ्यात छप्पर गळू लागले की भिजतो तो घरमालकच. कारखाने, बँका आणि शासकीय कार्यालये यांचीही स्थिती याहून वेगळी नसते. आपले काही काम मोबदला देऊन बाहेरच्या व्यक्तीकडून किंवा संस्थेकडून करून घेण्याच्या पद्धतीला आपण ‘कंत्राट’ म्हणतो. संगणकाच्या क्षेत्रात याच पद्धतीला ‘आउटसोर्सिंग’ हे नाव रूढ झाले आहे. काम बाहेर दिले म्हणजे त्याची जबाबदारीही बाहेर जाते काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण –

• भिलाईच्या उदाहरणावरून कंत्राटी कामाचे स्वरूप सांगू शकाल;
• मुख्य मालक आणि कंत्राटदार यांच्या जबाबदाऱ्यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• सॉफ्टवेअरचे काम बाहेर देताना कोणती काळजी घ्यावी, हे लिहू शकाल;
• पाठातील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करू शकाल.

१. भिलाई : अनेक हातांचे शहर

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे शहर पोलाद कारखान्याभोवती वाढले. या कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. वर्षाला दहा लाख टन पोलाद निर्माण करण्याच्या क्षमतेने सुरू झालेला हा कारखाना पुढे भारतीय रेल्वेला रूळ पुरवणारा देशातील प्रमुख कारखाना ठरला.

एका अर्थाने भिलाईचा जन्मच बाहेरच्या मदतीतून झाला. आराखडे आणि यंत्रे सोव्हिएत संघातून आली. तेथील तज्ज्ञही आले. परंतु केवळ यंत्रे विकत घेऊन भारत थांबला नाही. भारतीय अभियंत्यांना आणि तंत्रज्ञांना सोव्हिएत संघात पाठवून प्रशिक्षण देण्यात आले. भिलाईतही परक्या तज्ज्ञांच्या बरोबरीने त्यांनी काम केले. हळूहळू तज्ज्ञ परतले आणि कारखाना भारतीय हातांनी चालू लागला. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यावे लागले, तरी ते कायमचे प्यावे लागू नये, ही दृष्टी त्यामागे होती. बाहेरून काम करून घेताना त्या कामाचे ज्ञान आपल्या घरात आणावे, हा भिलाईचा पहिला धडा होय.

२. कंत्राटाची दुसरी बाजू

भिलाईचा दुसरा धडा मात्र कटू आहे. या कारखान्याला लागणारे लोहखनिज दल्ली-राजहरा येथील खाणींतून येत असे. खनिज फोडण्याचे आणि गाड्यांत भरण्याचे काम हजारो स्त्री-पुरुष हाताने करीत. त्यांतील पुष्कळजण कारखान्याचे कामगार नव्हते. ते कंत्राटदारांचे मजूर होते. खाण तीच, खनिज तेच; परंतु कायम कामगाराला मिळणारे वेतन, बोनस आणि सोयी कंत्राटी मजुराला मिळत नसत. मजुराने मालकाकडे दाद मागितली की त्याला कंत्राटदाराकडे बोट दाखवले जाई आणि कंत्राटदार मालकाकडे बोट दाखवी.

या कामगारांनी १९७७ साली छत्तीसगड माइन्स श्रमिक संघाची स्थापना केली. एके काळी भिलाईच्या कोकभट्टीत कामगार असलेले शंकर गुहा नियोगी हे त्यांचे नेते होते. त्याच वर्षी जून महिन्यात आंदोलक कामगारांवर झालेल्या पोलीस गोळीबारात अकरा जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमांतून १९८३ साली दल्ली-राजहरा येथे शहीद रुग्णालय उभारले. पुढे नियोगी भिलाईच्या खाजगी कारखान्यांतील कंत्राटी कामगारांच्या प्रश्नांकडे वळले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच त्यांची हत्या झाली.

कायदा या बाबतीत काय सांगतो? कंत्राटी कामगारांसंबंधीचा केंद्रीय कायदा १९७० साली झाला. ज्याचे काम चालते त्याला या कायद्याने ‘मुख्य मालक’ म्हटले. मजुरी देणे हे कंत्राटदाराचे कर्तव्य. परंतु त्याने ती दिली नाही, तर मुख्य मालकाने ती द्यावी आणि मागाहून कंत्राटदाराकडून वसूल करावी, अशी स्पष्ट तरतूद त्यात होती. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, प्रथमोपचार यांबाबतही तेच तत्त्व होते. हा कायदा पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यपरिस्थिती संहितेत विलीन झाला. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पूर्वीचा कायदा वीस किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. संहितेत ही मर्यादा पन्नास केली आहे. थकलेल्या मजुरीची मुख्य मालकावरील जबाबदारी मात्र संहितेतही कायम आहे.

कायद्याच्या संरक्षणाला सीमाही आहेत. भिलाईचा कारखाना ज्या भारतीय पोलाद प्राधिकरणाचा, म्हणजेच ‘सेल’चा भाग आहे, त्याच्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली महत्त्वाचा निर्णय दिला. एखाद्या कामात कंत्राटी पद्धतीवर बंदी आली, म्हणून तेथील कामगार आपोआप कायम होत नाहीत, असे न्यायालयाने सांगितले. मात्र कंत्राट केवळ कागदोपत्री देखावा असल्याचे सिद्ध झाले, तर ते कामगार मुख्य मालकाचेच मानले जातील, हेही त्या निर्णयात स्पष्ट केले आहे. म्हणून कंत्राटी कामगाराने हजेरीची नोंद, मजुरीची पावती आणि ओळखपत्र जपून ठेवणे आवश्यक आहे. आपण कोणाच्या आवारात आणि कोणाच्या देखरेखीखाली काम केले, याचा पुरावा अशा कागदांतूनच उभा राहतो.

पाठगत प्रश्न १

(अ) भिलाई कारखान्यासाठी कोणत्या दोन देशांत करार झाला?
(आ) कंत्राटदाराने मजुरी न दिल्यास ती कोणी द्यावी, असे कायदा सांगतो?
(इ) दल्ली-राजहरा येथील कामगारांनी १९८३ साली काय उभारले?

३. पोलादाकडून संगणकाकडे

पोलादासारखी जड वस्तू बनवण्याचे काम जसे बाहेर देता येते, तसेच डोळ्यांना न दिसणारे कामही देता येते. संगणकाने काय करावे, हे सांगणाऱ्या सूचनांच्या संचाला आज्ञावली किंवा सॉफ्टवेअर म्हणतात. १९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था सुरू झाली. तिच्या आरंभीच्या कामांत टाटा समूहातीलच पोलाद कंपनीचे पंचकार्डाचे काम होते. फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने १९७० च्या दशकात बरोज या अमेरिकी संगणक कंपनीसाठी काम केले आणि भारतात बसून परदेशासाठी आज्ञावली लिहिण्याचा मार्ग खुला झाला. १९८१ साली सात अभियंत्यांनी पुण्यात दहा हजार रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिसची स्थापना केली. ही कंपनी १९८३ मध्ये बंगळूरला गेली.

या उद्योगाला खरा वेग आला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस. जुन्या आज्ञावल्यांत वर्षाचे केवळ शेवटचे दोन अंक नोंदवले जात. त्यामुळे २००० साल उजाडताच संगणक ‘००’ म्हणजे १९०० समजतील, अशी भीती निर्माण झाली. कोट्यवधी ओळी तपासण्याचे हे किचकट काम पाश्चात्त्य कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर भारतीय संस्थांकडे सोपवले. त्यातून विश्वास वाढला आणि अधिक मोठी कामे येऊ लागली.

४. हरवलेले यान

सॉफ्टवेअरचे काम बाहेर देताना होणारी चूक किती महाग पडते, याचे एक उदाहरण अंतराळ संशोधनाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेने ११ डिसेंबर १९९८ रोजी मंगळाच्या हवामानाचा अभ्यास करण्यासाठी एक यान पाठवले. ते लॉकहीड मार्टिन या बाहेरच्या कंपनीने बांधले होते. यानाला दिलेल्या लहान धक्क्यांचे गणित करणारी जमिनीवरील आज्ञावलीही त्याच कंपनीची होती. करारानुसार हे आकडे मेट्रिक पद्धतीत, म्हणजे न्यूटन या एककात हवे होते. आज्ञावली मात्र ते पौंड या इंग्रजी एककात देत राहिली. एक पौंड बल म्हणजे जवळजवळ ४.४५ न्यूटन. नऊ महिन्यांच्या प्रवासात हा फरक साचत गेला. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळाच्या अपेक्षेपेक्षा फारच जवळ, सुमारे ५७ किलोमीटर उंचीवर गेले आणि कायमचे नाहीसे झाले.

चूक कंपनीच्या आज्ञावलीत होती, हे उघड होते. तरीही नासाने हात झटकले नाहीत. माणसाकडून चूक होणारच. परंतु ती वेळीच पकडणारी आपली तपासणीची व्यवस्था अपुरी ठरली, हे संस्थेने मान्य केले. प्रवासाच्या काळात काही जणांना आकड्यांत विसंगती जाणवली होती. तिचा रीतसर पाठपुरावा झाला नव्हता.

५. करार करताना

आता एक कल्पित प्रसंग पाहू. समजा, भिलाईतील एका लहान कारखान्याच्या मालकाने कामगारांची हजेरी आणि मजुरी यांच्या हिशेबासाठी बाहेरच्या संस्थेकडून सॉफ्टवेअर करून घेतले. जादा वेळेच्या कामाला दुप्पट दराने मजुरी द्यावी लागते, ही बाब त्याने लेखी सांगितली नाही. करणाऱ्यानेही विचारले नाही. महिनाअखेर कामगारांच्या हाती कमी पैसे पडले. ‘संगणकाची चूक आहे’ असे मालक म्हणू लागला, तर त्याने कामगाराच्या घरची चूल पेटेल काय? कायद्याच्या दृष्टीनेही हे उत्तर चालणार नाही. मजुरी मालकानेच द्यायची आहे.

अशी वेळ येऊ नये म्हणून पुढील गोष्टी कराराच्या वेळीच ठरवाव्यात.

पहिली गोष्ट, काय हवे ते लेखी आणि उदाहरणासह द्यावे. ‘मजुरीचा हिशेब’ एवढे शब्द पुरेसे नसतात. एका कामगाराचा संपूर्ण महिन्याचा हिशेब मांडून दाखवावा. दुसरी गोष्ट, कामाचे टप्पे पाडावेत आणि प्रत्येक टप्पा तपासून मगच पैसे द्यावेत. तिसरी गोष्ट, नवी व्यवस्था सुरू झाल्यावर निदान एक महिना जुनी वही चालू ठेवावी आणि दोन्हींचे आकडे ताडून पाहावेत. चौथी गोष्ट, मूळ आज्ञावली आणि साठवलेली माहिती कोणाच्या मालकीची राहील, हे स्पष्ट लिहावे. नाही तर संस्था बदलताना आपलीच माहिती आपल्याला मिळत नाही. पाचवी गोष्ट, ते काम समजणारी निदान एक व्यक्ती आपल्याकडे असावी.

कामगारांची नावे, पत्ते व बँक खात्यांची माहिती बाहेरच्या हाती जात असेल, तर आणखी दक्षता हवी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली संमत केलेल्या कायद्यातही हेच तत्त्व दिसते : माहितीवरील प्रक्रिया दुसऱ्याकडून करून घेतली, तरी ती ज्याच्या वतीने केली जाते त्याची जबाबदारी टळत नाही.

खाणीतील मजूर, अंतराळातील यान आणि लहान कारखान्यातील हिशेब यांत बाह्यतः काहीच साम्य नाही. परंतु तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच विचारावा लागतो : अखेर उत्तर कोणी द्यायचे? काम सोपवणाऱ्याने हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. काम करणाऱ्यानेही तो निर्भयपणे विचारावा. तो त्याचा अधिकार आहे.

आपण काय शिकलो

• बाहेरून काम करून घेणे गैर नाही. ज्ञान आणि तपासणी मात्र आपल्याकडे असावी.
• कंत्राटदाराने मजुरी न दिल्यास मुख्य मालक जबाबदार असतो.
• स्पष्ट लेखी करार दोन्ही पक्षांच्या हिताचा असतो.

शब्दार्थ

झोतभट्टी – लोहखनिजापासून लोखंड तयार करण्याची उंच भट्टी
आस्थापना – कारखाना, दुकान, कार्यालय यांसारखी कामाची जागा
विसंगती – मेळ नसणे
दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे – दुसऱ्यावर अवलंबून राहणे
हात झटकणे – जबाबदारी नाकारणे

पाठान्त प्रश्न

१. भिलाईने दिलेले दोन धडे आपल्या शब्दांत लिहा.
२. ‘चूक कंपनीची होती, तरी नासाने हात झटकले नाहीत.’ या विधानाचे स्पष्टीकरण करा.
३. ‘दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे’ आणि ‘हात झटकणे’ या वाक्प्रचारांचा स्वतंत्र वाक्यांत उपयोग करा.
४. दोन महिन्यांची मजुरी थकल्याबद्दल कंत्राटी कामगाराच्या वतीने मुख्य मालकाला औपचारिक पत्र लिहा. पत्रात कामाचे ठिकाण, कालावधी आणि सोबत जोडलेल्या कागदपत्रांचा उल्लेख करा.

उत्तरसूची (पाठगत प्रश्न १)

(अ) भारत आणि सोव्हिएत संघ (आ) मुख्य मालकाने (इ) शहीद रुग्णालय