व्यायाम करूनहि शक्ति कां घटते?

आमच्या छत्रपती संभाजीनगरांत पहाटे हनुमान टेकडी चढणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. नियमित व्यायामानें बळ वाढावें. परंतु तीच चढण दर महिन्यास अधिक धाप लावूं लागली, तर त्या मुलास आळशी म्हणणें अन्याय होय. स्नायूंना प्राणवायु पोंचविण्याचें काम रक्तांतील हिमोग्लोबिन करतें, व तें घडण्यास लोह लागतें. तें उणें पडलें कीं पांडुरोग, म्हणजेच ॲनिमिया, जडतो.

लोहाप्रमाणेंच दुसऱ्याहि द्रव्याची उणीव बाधते. १९२८ सालीं मुंबईस आलेल्या डॉ. ल्यूसी विल्स ह्यांनीं गिरणीकामगार गरोदर स्त्रियांचा पांडुरोग अभ्यासिला, आणि यीस्टच्या अर्कानें तो बरा होऊं शकतो असें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील गुणकारी द्रव्य तें पुढें ओळखलेलें फॉलिक आम्ल.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींपैकीं सुमारें ५९ जणींस पांडुरोग आढळला. म्हणून पालकहो, मूल थकूं लागल्यास व्यायाम वाढविण्यापूर्वीं रक्त तपासून घ्या. बारा ते चौदा वर्षांच्या मुलांत शंभर मिलिलिटर रक्तांत हिमोग्लोबिन १२ ग्रॅमहून कमी असल्यास डॉक्टरांस विचारा. रक्त निर्दोष ठरल्यास झोंप व थायरॉईड ह्यांकडेहि पाहा. ताटांत बाजरी, डाळ व मेथी असावी, वर लिंबू पिळावें, आणि जेवणाबरोबर चहा नसावा.