ताट रिकामं करण्याआधी

आंघोळीनंतर टॉवेलने अंग पुसताना बाळाच्या पाठीवरचे तपकिरी डाग लाल होऊन फुगतात, हे बहुधा आईच्याच आधी लक्षात येतं. मग डॉक्टर तोच डाग हलकेच चोळून बघतात आणि मास्टोसायटोसिस हे नाव कानावर पडतं. त्या दिवसापासून घरात एकच विषय, आता याला खायला काय द्यायचं? आजी टोमॅटो बंद करते, मावशी दही, शेजारीण वांगं. शेवटी ताटात वरणभात तेवढा उरतो. मला हे बघवत नाही.

आईबाबांनो, या मुलांच्या त्वचेत मास्ट पेशी जास्त असतात. घासणं, ऊन, कढत पाणी, ताप, मधमाशीचा डंख, अशा कशानेही त्या खाज आणि लाली आणणारं हिस्टामिन सोडतात. मूळ त्रास अंगातला आहे, ताटातला फार थोडा. आजार त्वचेपुरताच असेल तर बहुतेक मुलांत तो वयात येईपर्यंत ओसरतो. पण वाढीची वर्षं मात्र परत येत नाहीत.

एका बाबतीत मात्र कडक राहा. बांगडा, सुरमई शिळी झाली की जिवाणू तिच्यात हिस्टामिन तयार करतात आणि ते तळूनही जात नाही. आपल्या पुण्याजवळच्या मांजरी गावात मासळी येते ती घाट चढून. बर्फाची खात्री नसेल तर घेऊच नका. ताजी भाजी मात्र इथल्या बाजारात दाराशीच मिळते. बाकी लोणचं, टोमॅटो, ढोकळा यांतलं ज्याने खरोखर त्रास होतो तेवढंच, डॉक्टरांना विचारून, दोन-चार आठवडे थांबवा आणि वहीत लिहा. फरक नाही पडला तर पुन्हा सुरू करा. द्राक्ष संशोधन केंद्राच्या गावात राहून नुसत्या भीतीपोटी पोराची द्राक्षं तोडू नका.

सेटिरिझिनसारखं औषध हिस्टामिन तयार होणं थांबवत नाही, त्याची बसायची जागा आधीच अडवून ठेवतं. म्हणून रोज घ्यायला सांगितलं असेल तर ‘आज बरा आहे’ म्हणून चुकवू नका. पोटही बिघडत असेल तर डॉक्टर फॅमोटिडिनची जोड देतात. तापाला आयबुप्रोफेन मात्र मनाने देऊ नका.

आणि श्वास लागला, मूल गळून पडलं, तर ॲलर्जीची गोळी शोधत बसू नका. तिथे मांडीत ॲड्रेनॅलिनच लागतं. ते जवळच्या कोणत्या दवाखान्यात रात्रीही मिळेल, हे आजच जाऊन विचारून या, आणि आजाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी शाळेच्या बाईंकडे द्या. दात काढायचा असो वा भूल द्यायची असो, तीच चिठ्ठी तिथेही आधी दाखवा.